अडतीस किलो जास्त

सगळं एका स्टेपनीपासून सुरू झालं, हे काटेकोर आजही शपथेवर सांगायला तयार आहे. जीपला एक स्टेपनी होतीच. त्याने फक्त दुसरी घ्यायची ठरवली. यात चुकलं काय, असं तो भेटेल त्याला विचारतो, आणि समोरचा क्षणभर विचारात पडला की त्याला तेवढंच बरं वाटतं.

काटेकोर हे त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. लोखंडी पुलाच्या तोंडाशी ट्रक तोलण्याचा वजनकाटा आहे, तिथे तो गेली आठ वर्षं मुख्य कारकून आहे. पूल जुना आणि पलीकडे जायला रस्ता तेवढा एकच. म्हणून नियम असा, की प्रत्येक ट्रकने काट्यावर चढायचं, आणि ठरलेल्या वजनापेक्षा एक किलो जरी जास्त भरलं, तरी तेवढा माल तिथेच उतरवून मग पुढे जायचं. बाकीचे कारकून पाच-दहा किलोंकडे कानाडोळा करतात. हा करत नाही. एकदा कलिंगडांच्या ट्रकमध्ये चौदा किलो जास्त निघाले, तेव्हा याने तीन कलिंगडं उतरवायला लावली. तिसरं जरा मोठं निघालं, तर ते परत चढवून त्याच्या जागी लहान उतरवायला लावलं (नियमात जास्तीचा माल उतरवा असं आहे, जास्तीपेक्षा जास्त उतरवा असं नाही). मागे पाऊण तास ट्रकांची रांग तुंबली होती. त्या रांगेतच त्याचं नामकरण झालं, आणि त्याला ते कौतुक वाटलं.

त्याची बायको मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. अकरा वर्षं ती त्याच मैदानात, त्याच इंग्रजी आठच्या आकड्यावरून, घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून गोल गोल फिरते आहे, दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी न जाता. काटेकोरही तिचाच विद्यार्थी. दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला त्यांचं लग्न ठरलं. लायसन मात्र राहूनच गेलं. स्कूलने जुनी जीप निकालात काढली तेव्हा ती बायकोने घेतली आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या सीटपुढचा जादा ब्रेक काढून टाकला, कारण त्या सीटवर आता नवरा बसणार होता.

आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती चहा ओतता ओतता म्हणाली, "अहो, पुलापलीकडे जंगल संपतं तिथे तळं आहे म्हणे. रस्ता तिथेच संपतो. जाऊया का? जीप आहे, मागे सतरंजी टाकू, दोन दिवस राहू आणि येऊ."

"तशीच?" काटेकोर म्हणाला.

"तशीच म्हणजे?"

"अगं, जंगल आहे ते. टायर फुटला तर?"

"स्टेपनी आहे की."

"आणि स्टेपनी फुटली तर?"

याचं उत्तर बायकोकडे होतं, पण चहा निवत होता म्हणून तिने ते दिलं नाही. पुढे आठ महिने तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

काटेकोर दुसऱ्या दिवशी वस्तादच्या गॅरेजमध्ये गेला. वस्तादचा स्वभाव असा, की कुणी काही सुचवलं तर तो नाही म्हणत नाही, उलट त्यात स्वतःचं थोडं घालतो.

"दुसरी स्टेपनी लावून देतो," वस्ताद म्हणाला, "पण ठेवणार कुठे? टपावर. आणि टपावर म्हणजे कॅरिअर आलं."

"कॅरिअर लावा."

"कॅरिअर आलं की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतील. ट्रकचे पाटे टाकू, जाड."

"टाका."

"त्याने जीप वीतभर उंच होणार. मग हे टायर बारके दिसतील. मोठे घेऊ."

"मग जुन्या मापाच्या स्टेपन्या चालणार नाहीत," काटेकोर म्हणाला. वजनकाट्यावरचा माणूस, हिशेबाला पक्का.

"आता कसं बोललात," वस्ताद म्हणाला. "मोठ्या मापाच्या घेऊ. आणि खरं सांगू का, चार चाकांना दोन कमीच. तीन असू द्या."

अशा रीतीने दुसऱ्या स्टेपनीच्या तीन स्टेपन्या झाल्या. टपावर चढायला शिडी आली. शिडी आलीच आहे तर वर तंबू का नको, म्हणून घडीचा तंबू आला. तंबूने गाडी मागे कलली, म्हणून ती सावरायला पुढे लोखंडी बंपर आला, रेल्वेच्या रुळाच्या जाडीचा. बंपरवर जागा रिकामी दिसत होती, तिथे विंच बसलं. विंच म्हणजे तारेचं रीळ. गाडी चिखलात रुतली तर तार झाडाला बांधायची आणि गाडीने स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढायचं. काटेकोरला ही कल्पना इतकी आवडली, की गाडी रुतलीच नाही तर काय करायचं, या काळजीने त्याला ग्रासलं.

विंचने आता पुढची बाजू जड झाली. वस्ताद डोकं खाजवत म्हणाला, "मागे काहीतरी वजनदार हवं." तेव्हा मागे फ्रीज आला. पाण्याची पिंपं आली. वाळूत चाकांखाली टाकायच्या लोखंडी पट्ट्या आल्या (तळ्याच्या आसपास वाळू नाही, हे काटेकोरला ठाऊक होतं, पण तळंच ते, त्याचा काय भरवसा). नदी पार करताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत एक नळी चढवली. वाटेत नदी एकच, आणि तिच्यावर तोच पूल, ज्याच्या तोंडाशी बसून तो पगार घेत होता.

आणि दिवसभर परक्यांच्या गाड्यांचा किलो-किलो मोजणाऱ्या या माणसाने आठ महिन्यांत स्वतःच्या गाडीच्या वजनाचा एकदाही विचार केला नाही. ती घरची गाडी होती. घरच्या गाडीला वजन असतं, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

बायको दर रविवारी गॅरेजच्या दारात येऊन बघायची.

"अहो, आपण तिथे राहायला चाललोय की ते जिंकायला?"

"तू बघच," काटेकोर म्हणायचा. ग्रीस लागलेला हात कपाळाला पुसायचा आणि दिवसभर तसाच हिंडायचा. त्याला मनापासून वाटत होतं, की आजवर आपण फक्त लोकांची चढवलेली ओझी उतरवली, आता एकदा तरी बायकोसाठी काहीतरी चढवून दाखवावं. ती खूश झालेली त्याला बघायची होती. त्यासाठी त्याने तिची सहल पाच वेळा पुढे ढकलली.

मग पुलाचं परिपत्रक आलं. सोमवारपासून पूल दुरुस्तीसाठी बंद, मुदत दीड वर्ष. काटेकोरने ते घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि गुपचूप हात धुवायला गेला. परत आला तोवर बायकोने ते दोनदा वाचलं होतं.

"शनिवारी सकाळी सातला मी स्टिअरिंगवर बसणार," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, विद्यार्थ्याला 'क्लच सोडा' म्हणताना असतो तसा. "तुम्ही शेजारी असलात तर मला आनंद होईल. नसलात तर गाडीत जागा होईल."

 काटेकोरने त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला आणि वस्तादला निरोप धाडला, की आता आणखी काही सुचलं तरी सांगू नका.

शनिवारी सकाळी सातला ते निघाले. सात वाजून दोन मिनिटांनी म्हणा, कारण गाडी आता इतकी उंच झाली होती, की काटेकोरला आत चढायला दोन प्रयत्न लागले. बायकोने मात्र एका हाताने दार धरलं आणि टुणकन आत गेली. मागच्या सीटवर तिने आपली सतरंजी टाकली होती. ती एवढी एकच गोष्ट त्या गाडीत तिची होती.

गल्लीतून निघताना जीपने असा काही आवाज केला, की चारी मजल्यांवर खिडक्या उघडल्या. पेपर टाकणाऱ्याने सायकल भिंतीला टेकवली आणि कपाळावर हात आडवा धरून बघत राहिला. बेकरीवाला पाव सोडून बाहेर आला. काटेकोर दोन्ही बाजूंना हात हलवत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बायकोने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, जराशी थांबली, आणि मग ओठ चावून पुढचा टाकला.

"चौथा लागला," ती म्हणाली.

"लागला?"

"अहो, लागला. अकरा वर्षांनी." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने उगाचच हॉर्न वाजवला. शेतातल्या तीन म्हशींनी माना वर केल्या. ती त्यांना उद्देशून पुन्हा एकदा म्हणाली, "चौथा." काटेकोरला इतका आनंद झाला, की त्यानेही हात लांब करून एकदा हॉर्न दाबला आणि त्यासाठी तिची बोलणी खाल्ली. ती बोलणीही त्याला गोड लागली.

असे दोघे हसत खिदळत पुलापाशी पोचले, आणि समोर लाल झेंडी आडवी झाली.

झेंडी ज्युनिअरच्या हातात होती. ज्युनिअर म्हणजे काटेकोरच्या हाताखाली सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. चष्मा, घट्ट वेणी, खिशाला दोन पेनं. तिला काम काटेकोरने स्वतः शिकवलं होतं आणि ती त्याच्यासारखीच तयार होते आहे, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

"सर, काट्यावर घ्या."

"अगं, मी आहे," काटेकोर वरून म्हणाला.

"दिसतंय, सर. पण टपावर सामान बांधलेली खासगी गाडीसुद्धा तोलायची, असा नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

"तुम्ही, सर. मार्चमध्ये."

मागे एक ट्रक येऊन थांबला. त्यातून एक धिप्पाड माणूस उतरला आणि गुडघ्यावर हात ठेवून जीपकडे खालून वर बघू लागला. काटेकोरने त्याला ओळखलं. तो कलिंगडवाला होता.

"साहेब, आज इकडच्या बाजूला?" कलिंगडवाला म्हणाला. तो इतका प्रेमाने बोलला, की काटेकोरच्या अंगावर काटा आला.

बायकोने जीप काट्यावर चढवली. जीपचं ठरलेलं वजन, माणसांसकट, अडीच हजार किलो. काट्याच्या खोलीच्या खिडकीवरचे लाल आकडे भराभर पळाले आणि अठ्ठावीसशे एकाहत्तरवर येऊन थांबले. ज्युनिअरने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"तीनशे एकाहत्तर जास्त, सर."

"काटा बिघडलाय."

"काल तुम्हीच तपासून सही केलीत."

 बायकोने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि नवऱ्याकडे फक्त मान वळवून पाहिलं.

उतरवणी सुरू झाली. पाण्याची पिंपं उतरली. तिन्ही स्टेपन्या उतरल्या (पहिली उतरवताना काटेकोरचे डोळे भरून आले). फ्रीज उतरला, हत्यारांची पेटी उतरली, वाळूच्या पट्ट्या, फावडी, टेबल, खुर्च्या, शेगडी, साखळदंड, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं गेलं. कलिंगडवाला शर्टाच्या बाह्या सरसावून मदतीला आला होता. प्रत्येक वस्तू उचलताना तो मोठ्या आदराने विचारायचा, "साहेब, ही मोठी आहे का? लहान काढू का?" मागे सहा ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर मंडळी खाली उतरली आणि मांडून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून बघू लागली.

शेवटी जे काही हाताने निघण्यासारखं होतं ते निघालं. आकडा पंचवीसशे अडतीसवर होता.

"अडतीस जास्त," ज्युनिअर म्हणाली.

"बंपर काढा," बायको म्हणाली.

"निघणार नाही," काटेकोर म्हणाला. "वेल्डिंग केलंय. वस्ताद म्हणाला, गाडी मोडेल पण बंपर हलणार नाही."

"विंच?"

"तेही."

"तंबू, शिडी, ती नळी?"

"वस्तादचं काम पक्कं असतं," काटेकोर खालच्या आवाजात म्हणाला. त्याने बूट काढले. आकडा एका किलोने उतरला. त्याने कोट काढला, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या. तेवढ्याने आणखी एक उतरला. कलिंगडवाल्याने टाळी वाजवली.

 ज्युनिअर खाली बघत म्हणाली, "सर, माणसंही वजनातच धरतात."

हे वाक्य काटेकोरचंच होतं. तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते शिकवायचा.

"मी उतरले तर तुम्ही चालवणार का?" बायकोने विचारलं. काटेकोरने बूट घालायला घेतले. लायसन तिच्याकडे होतं, त्याच्याकडे फक्त स्टेपन्या होत्या.

उतरता उतरता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, सोपं आहे. मी पूल चालत ओलांडतो. पलीकडे गेलो की बसतो."

बायकोचा चेहरा उजळला. ज्युनिअरचा पडला. "नाही चालणार, सर. उतरवलेला माल पलीकडे नेऊन परत चढवायचा नाही. तिकडच्या गेटवर पास ताडून बघतात. ती पळवाट तुम्ही बुजवलीत."

"माझ्यासाठीच बुजवली साहेबांनी," कलिंगडवाला सगळ्यांना सांगू लागला. "मी त्या दिवशी तीन कलिंगडं काखेत मारून पुलावरून चालत गेलो होतो."

काटेकोर बूट, कोट, पट्टा, किल्ल्या सगळं परत अंगावर चढवून काट्यावरून खाली उतरला. आकडे खाली पळाले आणि चोवीसशे पंचेचाळीसवर टेकले. रांगेतल्या सगळ्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. ज्युनिअरला मोजायची गरज नव्हती.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

"तुम्ही मला अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं," बायको म्हणाली.

"लग्नाच्या वेळी विचारलं होतंस," काटेकोर म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला, पण हाताखाली ती हसत होती. मग तिने पुलापलीकडे पाहिलं. झाडी दाट होती आणि रस्ता तिच्यात शिरून दिसेनासा होत होता. काटेकोरने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं, की आता घरी जाऊ असं जर आपण म्हटलं, तर ती येईलही. मुकाट येईल. आणि दीड वर्ष मैदानात गोल गोल फिरेल. 

"जा तू," तो म्हणाला. "मी सामान राखतो. ते टाकून तसंही जाता येत नाही, तोही नियम आहे."

"एकटी कशी जाऊ?" ती म्हणाली. तिने खिडकीतून वाकून ज्युनिअरला विचारलं, "तू पाहिलंयस का गं ते तळं?"

"नाही, वहिनी. इथे लागल्यापासून रजाच मिळाली नाही. वरिष्ठ हजर असतील तरच माझी रजा मंजूर होते आणि सर म्हणतात, मी हजर असलो तरी तुला शिकायला हवं."  लाल आकड्यांकडे बघून तिने चष्मा सावरला. "पंचावन्न किलो शिल्लक आहेत. माझं वजन अठ्ठेचाळीस. पिशवीसकट चोपन्न."

"सर हजर आहेत," कलिंगडवाला हळूच म्हणाला.

अर्ज ज्युनिअरच्या टेबलाच्या खणात लिहून तयार होता. फक्त तारीख मोकळी होती. काटेकोरने तो दोनदा वाचला आणि एका ठिकाणी वेलांटी सुधारून मंजूर केला. ज्युनिअरने माल उतरवल्याची पावती भरली, बायकोची सही घेतली, लाल-हिरव्या झेंड्या काटेकोरच्या हातात दिल्या आणि टुणकन आत चढली. त्याच्या सीटवर. आकडा चोवीसशे नव्व्याण्णव.

बायकोने खिडकीतून हात काढून त्याचा खांदा दाबला. "उद्या संध्याकाळी न्यायला येते हं," ती म्हणाली. "आणि अहो, गाडी मस्त झालीय."

काटेकोरने हिरवी झेंडी दाखवली. जीप पुलावर गेली. पूल संपता संपता गिअर बदलल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ दोन बायकांच्या हसण्याचा. ती चौथ्यात गेली हे त्याला इथूनही कळलं. तो झेंडी धरून बराच वेळ उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं आणि त्याहून थोडं जास्त बरं वाटत होतं. नेमकं किती जास्त, ते मोजायची सोय काट्यावर नव्हती.

मग सवयीने तो खोलीत गेला आणि शिक्का मारायला पावती पुढे ओढली. ज्युनिअरचं अक्षर मोत्यासारखं होतं. पाण्याची पिंपे, नग दोन. चाके, नग तीन. फ्रीज, नग एक. खुर्च्या, नग चार. तो बोट फिरवत खाली आला आणि शेवटच्या ओळीवर अडकला. नवरा, नग एक. स्थिती, वापरलेला. खाली बायकोची सही, ठसठशीत.

काटेकोरने चूक शोधायला सुरुवात केली. वजन बरोबर होतं. तारीख बरोबर होती. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होतं. एवढ्यात कलिंगडवाला आपला पास घ्यायला खिडकीशी आला आणि आत डोकावून सावकाश ती ओळ वाचू लागला.

"मारा शिक्का, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही एक नग आहात हे आम्ही ड्रायव्हर लोक आठ वर्षं सांगतोय. आज कागदावर आलं."